मांसातली ताकद शोधणारा डॉक्टर : येल्लाप्रगडा सुब्बाराव

12 जानेवारी म्हटलं की आपल्याकडे राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांची जयंती. शाळेत भाषणं, चौकात फोटोला हार. याच तारखेला 1895 साली आंध्रातल्या भीमावरम गावी एक पोरगा जन्मला. येल्लाप्रगडा सुब्बाराव. हे नाव आपल्या भागात फारसं कुणी घेत नाही. पण धुळे-जळगाव पट्ट्यात ज्यांचे ब्रॉयलरचे शेड आहेत, त्यांच्या रोजच्या कामात हा माणूस दोन-तीन ठिकाणी येऊन बसलेला आहे. पिल्लाच्या खाद्यातल्या व्हिटॅमिनमध्ये आहे, कापलेल्या कोंबडीचं मांस मऊ का कडक या प्रश्नात आहे, आणि मेडिकलमधून आणून पाण्यात टाकतात त्या पिवळ्या पावडरीच्या मुळाशीही आहे. ती पावडर कोंबडीच्या खाद्यात गेली, ते बघायला मात्र ते जिवंत नव्हते.

घरची परिस्थिती बेताची. वडील महसूल खात्यात साध्या नोकरीत, पोरं सात. सुब्बाराव तेरा वर्षांचे असताना घरातून पळाले. कशासाठी, तर काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि पैसा करायचा. रावेर-यावलच्या माणसाला यात नवल वाटणार नाही, आपली केळी उत्तरेत जातात तेव्हा डोक्यात हाच हिशेब असतो. पण पोरगं व्यापाराला लागलं नाही. आईने त्याला परत आणलं आणि पुन्हा शाळेत बसवलं.

शाळेतही गाडी नीट चालली नाही. मॅट्रिकला दोनदा नापास, तिसऱ्या वेळी पास. वडील गेल्यावर शिक्षणासाठी आईने दागिने मोडले. मद्रासला कॉलेजात गेल्यावर ओढा रामकृष्ण मिशनकडे, संन्यास घ्यायचा विचार पक्का. आईने परवानगी दिली नाही. मग मिशनच्याच लोकांनी सांगितलं की डॉक्टर हो, सेवाच करायची तर तीही सेवाच आहे. म्हणून मद्रास मेडिकल कॉलेज. 1919 साली लग्न झालं आणि पुढचा खर्च सासऱ्यांनी उचलला.

तो गांधीजींच्या असहकाराचा काळ. सुब्बाराव खादीचा पोशाख घालून ऑपरेशनच्या वर्गात गेले. इंग्रज प्राध्यापकाला ते खटकलं. लेखी पेपर चांगले जाऊनही त्यांना एमबीबीएसची पूर्ण पदवी मिळाली नाही, एलएमएस नावाचं कमी दर्जाचं प्रमाणपत्र हातात पडलं. त्यामुळे सरकारी वैद्यकीय नोकरीचा रस्ता बंद झाला. एका आयुर्वेद महाविद्यालयात शिकवायची नोकरी धरली.

याच सुमारास घरावर मोठा घाव बसला. संग्रहणीने त्यांचे दोन भाऊ गेले, तेही आठ दिवसांच्या अंतराने. ज्यांनी घरात संग्रहणी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. खाल्लेलं अंगी लागत नाही, पातळ जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी होत जातं आणि धडधाकट माणूस काडीसारखा होतो. सुब्बारावांनाही तोच आजार झाला. मद्रासचे वैद्य डॉ. अचंता लक्ष्मीपती यांच्या औषधाने ते वाचले. पण भाऊ कशाने मेले, शरीरात नेमकं काय कमी पडलं, याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

1922 साली ते अमेरिकेला निघाले. काकीनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेने मदत केली, काही सासऱ्यांनी दिले. बायको गरोदर होती, तिला माहेरी ठेवलं. तीन वर्षांत परत येतो असा बेत होता. ते परत कधीच आले नाहीत. मुलगा झाला, पण वर्षाच्या आतच गेला. बापाने त्याचं तोंडही पाहिलं नाही. पत्नी शेषगिरी यांनी सगळा जन्म वाट बघण्यात काढला. सुब्बारावांचा मोठेपणा सांगताना ही बाजू बरेच लोक गाळतात, ते बरोबर नाही.

बोस्टनला हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश होता, पण खिसा रिकामा. एका दवाखान्यात रात्रपाळीला सफाईचं काम धरलं. रुग्णांची भांडी उचलायची, फरशी पुसायची आणि दिवसा वर्गात बसायचं. पुढे सायरस फिस्क नावाच्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली, आणि तिथून या माणसाची खरी कामगिरी सुरू होते.

पहिलं काम फॉस्फरसचं. शेतकऱ्याला फॉस्फरस म्हटलं की डीएपी आणि सुपर फॉस्फेट आठवतं, पोल्ट्रीवाल्याला खाद्यातली डीसीपी पावडर. प्राण्याच्या हाडात तो असतो, रक्तात असतो, मांसातही असतो. पण रक्ताच्या एवढ्याशा थेंबात तो किती आहे हे मोजायची सोपी रीत नव्हती. फिस्क आणि सुब्बाराव यांनी 1925 साली ती काढली. नमुन्यात ठराविक रसायनं टाकायची, निळा रंग येतो. जितका निळा गडद, तितका फॉस्फरस जास्त. पुढे कित्येक वर्षं जगभरच्या लॅबमध्ये ही पद्धत चालली, आणि तिच्या नावात सुब्बारावांचं नाव आहे.

हीच पद्धत स्नायूच्या रसावर करताना एक विचित्र गोष्ट दिसली. रंग एकदम येऊन थांबायला हवा होता. तो हळूहळू गडदच होत चालला. दुसऱ्या कुणी रसायन खराब आहे म्हणून बाटली फेकून दिली असती. या दोघांनी ते धरून ठेवलं. म्हणजे स्नायूत फॉस्फरस असा कशाला तरी बांधलेला आहे की तो ॲसिडमध्ये हळूहळू सुटतोय. तो पदार्थ त्यांनी वेगळा काढला, 1927 साली. नाव फॉस्फोक्रिएटिन. मांजराच्या स्नायूवर त्यांनी दाखवलं की स्नायू कामाला लावला की हा पदार्थ कमी होतो, विश्रांती दिली की पुन्हा भरतो. इंग्लंडमध्ये एगल्टन नावाच्या जोडप्यालाही त्याच सुमारास हाच पदार्थ सापडला होता. 1929 साली फिस्क-सुब्बाराव यांनी एटीपी हा दुसरा पदार्थ स्नायूतून काढला. त्याच वर्षी जर्मनीत लोमान यांनीही तो शोधला. आज अकरावीच्या जीवशास्त्रात पोरं एटीपी पाठ करतात, पण पुस्तकात सुब्बाराव भेटत नाहीत.

त्या वेळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांचं म्हणणं असं होतं की स्नायू हलतो तो लॅक्टिक ॲसिडमुळे. त्या कामाला 1922 सालचं नोबेलही मिळालं होतं. फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी सापडल्यावर ते म्हणणं बदलावं लागलं.

हे शेडमध्ये कसं दिसतं ते बघू. अंगणातली गावरान कोंबडी शांत दाणे टिपत असते. मांजर झेपावलं की ती फडफड करून थेट निंबाच्या फांदीवर. एवढी ताकद एका क्षणात आली कुठून? छातीच्या पांढऱ्या मांसात साठवलेल्या एटीपीतून आणि फॉस्फोक्रिएटिनमधून. तो साठा काही सेकंदांचा असतो, म्हणून कोंबडी फांदीवर जाते पण गावभर उडत फिरत नाही. पायाचं मांस लालसर, ते दिवसभर चालायचं काम करतं, त्याला रक्तातला ऑक्सिजन सतत लागतो.

आता कोंबडी कापली की काय होतं? रक्त थांबलं, ऑक्सिजन थांबला, पण मांस लगेच मरत नाही. आधी फॉस्फोक्रिएटिन संपतं. मग साठवलेली साखर ऑक्सिजनशिवाय जळते, थोडं एटीपी तयार होत राहतं आणि सोबत लॅक्टिक ॲसिड साचतं. शेवटी एटीपी संपलं की स्नायूचे धागे एकमेकांत अडकतात, कारण ते सुटायलाही एटीपीच लागतं. कोंबडी ताठ होते ती यामुळे. काही तासांनी ती हळूहळू सैल पडते. म्हणून प्रक्रिया कारखान्यात कोंबडी कापल्याबरोबर छातीचं मांस हाडापासून काढत नाहीत, काही तास थंड ठेवतात. घाई केली तर मांस आखडतं आणि चामट लागतं.

खान्देशात याला उन्हाची जोड आहे. एप्रिल-मे महिन्यात जळगावला पारा 44-45 च्या पुढे जातो. अशा उन्हात पक्षी भरून गाडी दुपारी काढली, क्रेटमध्ये गर्दी केली, तर पक्षी धापा टाकत कत्तलखान्यावर पोचतो. त्याच्या मांसात साखर वेगाने जळत असते. कापल्यावर अंग गरम असतानाच ॲसिड वाढतं आणि मांस फिकट, मऊ, पाणी सोडणारं होतं. फ्रीजमध्ये ठेवलं की खाली पाणी साचतं, वजन घटतं. उलट पक्षी फार वेळ उपाशी आणि दमलेला असेल तर साखर आधीच संपलेली असते, मग ॲसिड पुरेसं तयार होत नाही, मांस गडद राहतं आणि लवकर खराब होतं. रात्री गाडी भरणं, क्रेटमध्ये पक्षी कमी घालणं, शेडला ओली पोती बांधणं, हे आपले लोक अनुभवाने करतातच. त्यामागचं कारण मात्र त्या दोन पदार्थांपाशी जाऊन थांबतं. चाळीसेक दिवसांत दोन किलोचा पक्षी तयार करायच्या शर्यतीत छातीचं मांस इतक्या झपाट्याने वाढतं की कधी कधी त्यात पांढऱ्या रेषा पडतात किंवा ते लाकडासारखं टणक होतं. त्यावर आता जगभर संशोधन चालू आहे.

एवढं मोठं काम करून सुब्बारावांना मिळालं काय? 1930 साली पीएचडी मिळाली. पण हार्वर्डने कायमची नोकरी दिली नाही. फिस्क सोबत काम करायचे, पण सुब्बारावांनी एकट्याने काढलेले काही पदार्थ त्यांनी बाहेर येऊ दिले नाहीत, असं त्यांचे जुने सहकारी जॉर्ज हिचिंग्ज यांनी पुढे सांगितलं. ते पदार्थ कित्येक वर्षांनी दुसऱ्यांना पुन्हा शोधावे लागले. हिचिंग्ज यांना 1988 साली नोबेल मिळालं, म्हणजे सांगणारा माणूस साधा नव्हता. सुब्बारावांनी स्वतः यावर कधी भांडण केलं नाही. स्वतःचं नाव पुढे करायचं नाही हा त्यांचा स्वभावच होता. हा स्वभाव चांगला म्हणावा की नडला म्हणावा, दोन्ही खरं आहे.

1940 साली ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर इथल्या लेडरली या औषध कंपनीत गेले आणि पुढे संशोधनाचे प्रमुख झाले. आता हाताखाली माणसं होती, पैसा होता. त्यांनी जुना प्रश्न उकरून काढला. रक्त वाढवणारं, संग्रहणीवर चालणारं असं काहीतरी काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, आहे हे डॉक्टरांना माहीत होतं. ते नेमकं काय?

या प्रश्नाचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. 1930 च्या आसपास लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत होत्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायांच्या अंगात रक्त राहत नव्हतं. विल्स यांनी त्यांना यीस्टचा अर्क दिला आणि रक्त वाढलं. दुसरा धागा कोंबडीच्या पिल्लांचा. अमेरिकेत शास्त्रज्ञांना दिसलं की ठराविक खाद्यावर पिल्लं वाढत नाहीत, पिसं धड येत नाहीत, अंग पांढरं पडतं, पायाची शीर घसरून ती लंगडी होतात. लिव्हर किंवा यीस्ट दिलं की सुधारतात. बायांच्या आणि पिल्लांच्या अंगात एकच गोष्ट कमी होती, ती म्हणजे फॉलिक ॲसिड. कोंबडीचं पिल्लू यात तराजूसारखं वापरलं गेलं. अर्क दिला, पिल्लाचं वजन वाढलं, म्हणजे पदार्थ त्यात आहे. सुब्बारावांच्या चमूने 1945 साली फॉलिक ॲसिड कारखान्यात बनवायची रीत काढली. त्या निबंधावर डझनाहून जास्त नावं आहेत आणि त्या गर्दीत कुठेतरी सुब्बाराव. डॉक्टरांनी ते संग्रहणीच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि रुग्ण सुधारले. दोन भाऊ गेल्यानंतर पंचवीस वर्षांनी ते औषध तयार झालं होतं.

आज गावातल्या गरोदर बाईला आशाताई लोहाच्या ज्या गोळ्या देतात त्यात फॉलिक ॲसिड असतं. आणि चिक स्टार्टरच्या पोत्यात जे व्हिटॅमिन मिसळलेलं असतं, त्यातही ते असतं.

पुढची कामं पटापट झाली. फॉलिक ॲसिडसारखाच दिसणारा पण त्याचं काम अडवणारा पदार्थ त्यांच्या लोकांनी बनवला. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी तो रक्ताच्या कॅन्सरच्या लहान मुलांना दिला आणि आजार काही काळ का होईना मागे हटला. त्यातूनच मेथोट्रेक्सेट आलं, जे आज कॅन्सरवर आणि संधिवातावरही देतात. हत्तीरोगाचं डीईसी हे औषधही याच प्रयोगशाळेचं. आरोग्य कर्मचारी घरी येऊन समोरच गोळी गिळायला लावतात, ती हीच.

आणि मग ऑरिओमायसिन. बेंजामिन डग्गर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ सत्तरी उलटल्यावर सुब्बारावांकडे कामाला होते. ठिकठिकाणची माती मागवायची आणि तिच्यातल्या बुरशीसारख्या जिवाणूंत औषध सापडतं का बघायचं, हे त्यांचं काम. मिझुरी विद्यापीठाच्या एका प्रयोगाच्या शेतातल्या मातीत सोनेरी रंगाचा एक जिवाणू सापडला. त्यातून निघालेलं अँटिबायोटिक म्हणजे ऑरिओमायसिन. जुलै 1948 मध्ये ते जगासमोर आलं. पेनिसिलीन जिथे चालत नव्हतं अशा कित्येक आजारांवर ते चाललं. याच औषधाचं दुसरं नाव क्लोरटेट्रासायक्लिन. पोल्ट्रीवाले ज्याला सीटीसी म्हणतात, ते हेच.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट 1948 मध्ये, सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने गेले. वय 53. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं. अमेरिकेत 1946 पर्यंत भारतीयांना नागरिकत्व मिळतच नव्हतं. नंतर वाट मोकळी झाली, तरी ते मरेपर्यंत परदेशी म्हणूनच नोंदलेले राहिले.

ते गेल्यावर चार महिन्यांनी त्याच कंपनीत एक प्रयोग झाला. युद्धानंतर मासळीची भुकटी महाग झाली होती, आणि नुसत्या सोयाबीनच्या पेंडीवर पिल्लं वाढत नव्हती. थॉमस जुक्स नावाचे शास्त्रज्ञ स्वस्त पर्याय शोधत होते. त्यांनी पिल्लांच्या एका गटाला लिव्हरचा अर्क दिला, एका गटाला ऑरिओमायसिन काढून उरलेला चोथा दिला. 1948 च्या नाताळच्या दिवशी, सगळे सुट्टीवर असताना, जुक्स यांनी स्वतः पिल्लं तोलली. चोथ्यावरची पिल्लं सगळ्यात जड भरली. आधी वाटलं ही बी-12 व्हिटॅमिनची करामत. नंतर कळलं की चोथ्यात उरलेलं थोडंसं अँटिबायोटिकच वजन वाढवतंय. 1950 साली ही बातमी जाहीर झाली आणि आजारी नसलेल्या कोंबडीला रोज थोडं थोडं औषध चारायची पद्धत जगभर सुरू झाली.

इथे दोष सुब्बारावांना देता येत नाही. त्यांनी औषध माणसं वाचवायला काढलं होतं. पण परिणाम आपण भोगतोय. रोज थोडं औषध मिळालं की कमजोर जंतू मरतात आणि जे चिवट असतात तेच उरतात, वाढतात. कपाशीवर एकच कीटकनाशक वर्षानुवर्षं मारून अळी कशी दाद देईनाशी झाली, तसंच हे. मग शेडमध्ये खरोखर मरतुक लागते तेव्हा पावडर चालत नाही, आणि तेच चिवट जंतू माणसाला झाले तर दवाखान्यातलं इंजेक्शनही चालत नाही. युरोपात 2006 पासून वजन वाढवण्यासाठी अँटिबायोटिक चारायला बंदी आहे. भारत सरकारने 2019 साली कोलिस्टिन हे औषध कोंबड्या-जनावरांना द्यायला बंदी घातली, कारण माणसाच्या डॉक्टरकडे शेवटचा उपाय म्हणून तेच उरलं होतं. सीटीसी कुणाच्या सांगण्यावरून टाकायचं, तर डॉक्टरच्या, आजार ओळखल्यावर, आणि पक्षी विकायच्या किती दिवस आधी बंद करायचं तेही विचारून. बर्ड फ्लू हा विषाणूचा आजार, त्यावर यातलं काहीच चालत नाही.

भारत सरकारने 1995 साली जन्मशताब्दीला सुब्बारावांचं टपाल तिकीट काढलं. एका बुरशीच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव दिलं आहे, सुब्बारोमायसिस. नोबेल त्यांना मिळालं नाही.